लाई बाबाची सातवी बरणी

मी भित्री बाई. आधीच सांगून ठेवते, मंग कोणी म्हणू नका का शामकला मोठी वाघीण निघाली. अंगावर पाल पडली तरी मी अख्खं मुर्री गाव गोळा करते. अन् त्या दिवशी मीनं बरणीचं झाकण काढलं, त आतून माणसाची कवटी माह्याकडं पाहून राहिली होती.

गोंदियाच्या टेसनासमोर लाई बाबाचं हाटेल होतं, त्याच्या मागच्या आंगणातली ही गोष्ट. लाई बाबा चिना माणूस. पुरं नाव लाई मुन-सेन, पण आमच्या लोकायले तेवढा दम कुठं, नुसतं लाई बाबा. गोऱ्यायच्या राज्यात रेल्वेच्या सायबायसाठी रांधाले तो कलकत्त्याहून आला. सत्तेचाळीसमंधी गोरे गेले, अन् बाबाचं सगळं गिऱ्हाईक गाडीत बसून निघून गेलं. ते लोक फिक्कं खात. अंड्याचं पाणी, उकडलेली कोंबडी. धानाच्या गिरणीतला हमाल ते कायले खाते? पहिल्याच दिवशी एकानं घास घेतला अन् विचारलं, "बाबा, हे बिमार माणसाचं जेवण हाये का?"

मंग बाबा अन् त्याची बायको आमोई, दोघंयनं इकडलं शिकून घेतलं. गव्हाच्या लांब शेवया, जवसाच्या तेलात लसूण-मिरचीचा ठसका, वरून नवेगावच्या तलावातले सुकवलेले झिंगे अन् मूठभर सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, नाही त पुण्याकडले लोक शेवयावर वरण ओततीन. आंबट पाहिजे त्या दिवशी अंबाडी. चिनातल्या माणसानं हे खाल्लं त तो रडंल, असं आमोईच हासून सांगे. पण गिरणी सुटली का बाकड्यावर बसाले जागा नाही राहे.

त्या सगळ्यात त्यायच्या मुलखातली वस्तू एकच, काळं पाणी. तिकडं ते कोणत्या तरी दाण्याचं करतात. तो दाणा इथं भेटला नाही, म्हणून आमोईनं आपल्या उडदाचं करून पाहिलं. उडीद शिजवायचे, त्यावर बुरशी येऊ द्यायची, मंग मिठाच्या पाण्यात घालून बरणीत सहा महिने उन्हात ठेवायचे. अशा सहा बरण्या आंगणात रांगेनं उभ्या राहत. सकाळी झाकणं काढून लाकडी दांड्यानं ढवळायचं अन् ऊन उतरलं का झाकायचं, हे माहं काम.

मी तिथं पाणीबी पीत नव्हती. आमी शेतकरी घरचे, जातीत कळलं असतं त पंगतीतून उठवलं असतं. पण एकदा खाल्लं. एकावन साली माहा मालक कामासाठी टाटानगरले गेला, अन् मंग चिठ्ठी नाही का सांगावा नाही. मी दोन दिवसाची उपाशी, ढवळता ढवळता पडली. आमोईनं मले उठवून बसवलं. तिचं रोजचं जेवण समोर होतं, गरम भात, त्यावर काळ्या पाण्याची धार, वर सांबाराचं पान. पहिला घास ती भिंतीवरच्या कावळ्याले टाके अन् दुसरा आपण खाय. त्या दिवशी दुसरा घास तिनं मले देला. मी खाल्ला अन् घरी चकार शब्द काढला नाही. पुढल्या वर्षी आमोई तापानं गेली. आमच्या मुर्रीच्या कडेले पडीत जागा हाये, तिथं बाबानं तिले पुरलं.

तर गेल्या साली, एकोणसाठमंधी, दिवाळीले आठ दिवस होते. मी सकाळी आंगणात गेली, त बरण्या सात. मले वाटलं बाबानं नवीन उडीद घातले. झाकण काढलं, दांडा हातात घेतला, अन् खाली पाहिलं.

किंकाळी निघालीच नाही. घशात काटा रुतावा तशी अडकली. वर कवटी, तिच्या खाली फासळ्या, त्याखाली लांब लांब हाडं, सगळी पिवळी अन् धुतलेली. मनात पहिलं काय आलं असंल? बजारात लोक म्हणत ना, चिना माणूस काय काय खाते, काय काय खाऊ घालते. आठ-नऊ वर्सं मी ज्या बरण्या ढवळल्या, त्यात काय होतं मंग? पळायचं होतं, पण पाय उचलंल तवा ना!

मागून बाबा आला. साठीचा माणूस, हाडकुळा, हातात कपबशी. त्यानं कपबशी खाली ठेवली अन् झाकण उचलून हळूच बरणीवर ठेवलं.

"डरो मत, शामकला. आमोई है."

हे ऐकून भेव कमी होते का वाढते, तुमीच सांगा!

बाबानं मले खाली बसवून समजावलं. त्यायच्यात रीतच तशी. सात वर्सं झाली का माणूस मातीतून काढायचा, हाडं धुवायची, अन् बरणीत नीट बसवायची, पाय खाली, डोस्कं वर, जसा माणूस पाटावर बसते. मंग ती बरणी आपल्या लोकायच्या मसनात न्यायची. बाबाचे लोक कलकत्त्याले. परदेशी म्हणून त्याले ठाण्यात हजेरी द्यावी लागे, अन् आता सरहद्दीवर भांडण पेटलं होतं, चिन्यायले हाकलून देतीन असं जो तो बोलून राहिला होता.

"मुझे निकाल देंगे तो ये यहाँ अकेली रह जाएगी," बाबा म्हणाला. दुपारच्या हावडा पॅसिंजरचं तिकीट त्यानं खिशातून काढून दाखवलं.

"बाबा, घरात कोणी हाडं ठेवते का? आमी अस्थी आणतो त झाडाले टांगतो, उंबऱ्याच्या आत नाही घेत!"

"इतनी बड़ी बरनी कौन से झाड़ पे टाँगूँ?"

मले रडू अन् हासू एका टायमाले आलं. तेवढ्यात समोरून आरडाओरडा ऐकू आला.

बजाराचा दिवस होता. पानठेल्यावर कोणीतरी पेपर मोठ्यानं वाचून दाखवत होतं, सरहद्दीवर आपले शिपाई मारले म्हणून. लोकायचं डोस्कं फिरलं, अन् समोर कोण भेटलं, त शेवया तळणारा एक म्हातारा. हाटेलाची पाटी धाडकन खाली पडली. बाकडं उलटलं. दाराच्या फटीतून मीनं पाहिलं त सगळ्यायच्या पुढं माहा चुलत दीर दुधराम! माह्या मालकासोबत एका ताटात जेवलेला, तालमीतला गडी, हातात लोखंडी पार, खड्डे खणायची पहार.

"मागच्या बरण्या फोडा! काय टाकते हा चिना, पाहू द्या सगळ्यायले!" तो ओरडला.

उडदाच्या बरण्या फुटल्या त फुटू दे. पण सातवी फुटली अन् त्यातून कवटी घरंगळली, त या म्हाताऱ्याले कोणी विचारत बसणार होतं का, बाबा ही कोणाची? तिथंच ठेचला असता त्याले. अन् मलेबी, रोज ढवळणारी मीच. आंगणाले मागून दार नव्हतं. वाट एकच, हाटेलातून, त्या लोकायमधून.

मी काय विचार केला, मले नाही माहीत. विचार केला असता त जागची हालली नसती. बाबाचं धुतलेलं पांढरं धोतर दोरीवर होतं, ते बरणीले गुंडाळलं. डोक्यावर चुंबळ ठेवली. "बाबा, उचलू लागा," म्हटलं. बाबानं हात लावला. आत हाडं खुळखुळली अन् माह्या मानेवरून थंडगार काटा गेला. आमोईचं डोस्कं माह्या डोक्यावर. "आमोई, हालू नको वं माय," मी मनात म्हटलं, अन् बाहेर निघाली. बाबा गाठोडं घेऊन माह्या मागं.

"वैनी?" दुधराम थबकला. "तू इथं? डोक्यावर काय हाये?"

"अस्थी."

एका जणानं चप्पल काढली. असं राहते आपल्याकडं, अस्थीच्या आडवं कोणी जात नाही. मले वाटलं सुटली. पण दुधराम घरचाच माणूस, त्याले सगळं माहीत.

"कोणाच्या?"

आता काय सांगू? माहे सासरे मी पोरगी असताना गेले, म्हणजे माह्या लग्नाच्याबी आधी. घरात आमी दोघीच, मी अन् सासू. मरायले उरलं कोण? एकच माणूस उरला होता, अन् त्याच्या नावाचं कुंकू माह्या कपाळावर होतं. आठ वर्सं लोक म्हणत, शामकला, आता पुसून टाक. मी एकेकाच्या अंगावर धावून जात होती. त्या दिवशी मीनं नुसतं खाली पाहिलं.

"टिकारामदादा?" दुधरामचा आवाज फाटला.

मी मान हालवली. नाव मी कधी घेतलंच नव्हतं, त्या दिवशीबी नाही घेतलं. पण मान हालवली.

"बाबा कलकत्त्याले गेले होते," मी म्हटलं. जीभ आपोआप चालली होती. "टाटानगरले त्यायले खबर लागली. तिथून घेऊन आले. फुटू नये म्हणून गाडगं मोठ्या बरणीत ठेवलं, कोंडा भरून. आज गंगेत न्यायचं हाये."

लोक मागं सरकले. कोणी म्हणालं, चिना असून बिचाऱ्यानं आणलं. पण मागून एक जण, कोण ते मले आजबी नाही माहीत, मोठ्यानं बोलला, "मंग बाईच्या कपाळावर कुंकू कायले? हातात बांगड्या कायले?"

सगळ्यायचे डोळे माह्या कपाळावर. दुधरामचेबी. त्याची पाराची मूठ पुन्हा आवळून राहिली होती. माहं काळीज असं धडधडत होतं का बरणीतली हाडं त्यानंच वाजून राहिली, असं मले वाटलं. घरात जे नाव आमी दोघी दिव्यासारखं जपत होतो, ते आता माह्याच हातानं विझवायचं होतं. नाही विझवलं त म्हातारा मेला.

मी एका हातानं बरणी धरली. दुसऱ्या हातानं पदर घेतला अन् कपाळ पुसलं. मंग दाराच्या दगडी चौकटीवर एक मनगट आपटलं, हात बदलून दुसरं आपटलं. हिरव्या काचा खाली पडल्या. रक्त निघालं. अन् तवा कुठं माह्या तोंडातून ती सकाळची अडकलेली किंकाळी निघाली. लोकायले वाटलं मी मालकासाठी रडून राहिली. खरं सांगते, मी भेवानं रडून राहिली होती. आपल्या बोलण्यानं तो तिकडं मरंल, या भेवानं.

दुधरामनं पार टाकून देला. लहान लेकरासारखा रडला तो. मंग त्यानंच पुढं होऊन वाट केली अन् आमाले गाडीत बसवून देलं. सोबत येतो म्हणाला. मी म्हटलं, "भाऊजी, घरी माय एकटी हाये, तुमी तिच्याकडं जा." म्हणजे त्या म्हातारीले ही खबर माह्या आधी पोचवाची सोय मीच केली. बाईची अक्कल पाहा!

कलकत्त्यालेबी गंगाच हाये, पण मी कशाले जाऊ. गावाले सांगायचं, अस्थी बाबाच गंगेत सोडतीन. आमगाव गेलं, सालेकसा गेलं, दरेकसाले मी उतरली. उतरण्याआधी बाबानं गाठोड्यातून एक लहान शिशी काढली. काळं पाणी. आमोईच्या मसनात भातावर घालाले त्यानं दोन शिश्या घेतल्या होत्या.

"एक उसके लिए, एक तेरे लिए," बाबा म्हणाला. माह्या मोकळ्या मनगटाकडं त्यानं पाहिलं, अन् लाकडी बाकावरून उठून डब्यातल्या सगळ्या लोकायसमोर वाकून मले हात जोडले. बापाच्या वयाचा माणूस! शिशी कमरेले खोचली अन् उतरली.

परतीच्या गाडीनं गोंदियाले आली तवा उन्हं उतरली होती. हाटेलासमोर रस्ता काळा अन् खारट झाला होता. आमी गेल्यावर कोणीतरी सहाही बरण्या फोडल्या होत्या. दुधरामनं नाही फोडल्या, तो मुर्रीले गेला होता. आमोईच्या हातच्या चवीचं जे काही उरलं, ते माह्या कमरेले होतं.

घरासमोर बाया जमल्या होत्या. माही सासू सुशिलाबाई भिंतीले टेकून बसली होती, डोळे कोरडे. मले पाहून उठली, हाताले धरून आत नेलं अन् कडी लावली.

"तुनं हाडं पाहिली का? त्याचा डावा हात लहानपणी मोडला होता. हाडावर गाठ होती का?"

माय ते माय. साऱ्या गोंदियात हे विचारणारी ती एकटीच. मी तिच्या कानाशी लागली अन् सगळं सांगितलं, आमोई, बरणी, म्हातारा, सगळं. एक घास खाल्लेला तोबी सांगितला.

बुढीनं मले कानाखाली वाजवली. जोरात.

"म्हणजे जिता हाये," ती म्हणाली.

"मले काय माहीत, माय. पण त्या बरणीत तो नव्हता."

"मंग आता रडा लागंल," बुढी म्हणाली, अन् पदर तोंडाले लावून तिनं असा हंबरडा फोडला का बाहेरच्या बायाबी रडू लागल्या. मी तिच्या तोंडाकडं पाहतच राहिली.

त्या दिवाळीले आमच्या घरी दिवा लागला नाही. दहा दिवस सुतक. अन् दहाव्या दिवसाची धडकी मले पहिल्याच दिवशी भरली होती. कावळ्याची. पिंडाले कावळा शिवला त मालक खरंच गेला, आमचं खोटं खरं झालं. नाही शिवला त गाव म्हणंल, ह्यात काहीतरी काळंबेरं हाये, अन् मंग दुधराम ती बरणी शोधत कलकत्त्यापर्यंत जाईन. कावळ्यानं काय करावं, हे देवाले मागायचं त काय मागू?

दहाव्या दिवशी मुर्रीच्या बोडीवर, आमच्या गावच्या लहानशा तलावावर, सगळे जमले. मुंडण केलेला दुधराम पिंडासमोर बसला. पिंड ठेवला. कावळे झाडावर, चांगले सात-आठ. एकही खाली येईना. उडदाचे बडे, म्हणजे वडे ठेवले, मालकाले आवडत ते. नाही. लाडू ठेवला. नाही. दुधराम हात जोडून म्हणाला, "दादा, वैनीले मी पाहीन, मायले मी पाहीन." नाही. सासूनं माहा हात पदराखाली घट्ट धरला होता. मी तिच्याकडं पाहिलं त तिचे डोळे चमकून राहिले होते. येत नाही म्हणजे जिता हाये! मलेबी एक घडी असं वाटलं का नाचावं.

पण ऊन डोक्यावर आलं अन् लोक कुजबुजू लागले. एक म्हातारा बोलला, "असं कधी पाहिलं नाही बा. अस्थी त्याच्याच होत्या ना?" दुधरामनं मान वर करून माह्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यातलं रडं थांबलं होतं.

अन् मले एकदम समजलं. आमी चुकीच्या माणसाले बोलावून राहिलो होतो. अस्थी ज्याच्या, कावळा त्याचा. बडे अन् लाडू घेऊन आमोई काय करंल?

"थांबा, भाऊजी," मी म्हटलं, अन् घरी पळत गेली. शिशी कोनाड्यात होती. आणून दुधरामच्या हातात देली. "टाटानगरले त्यायले याची चटक लागली होती. बाबानं सांगितलं होतं, मीच इसरली."

दुधरामनं शिशी नाकाशी नेली. त्याले वास ओळखू आला, मले दिसलं. ज्या काळ्या पाण्यासाठी तो पार घेऊन आला होता, तेच. मंग त्यानं डोळे मिटले अन् भातावर स्वतःच्या हातानं धार सोडली. काठावरच्या वाडीतून मी सांबाराचं एक पान तोडलं अन् वर ठेवलं. "आमोई, ये वं माय," मी ओठातल्या ओठात म्हटलं. "त्या दिवशीचा घास देते तुले परत."

पान ठेवून माहा हात मागं आला नाही, तोच कावळा खाली आला. पहिली चोच भातावर मारली अन् घास घेऊन उडाला. मंग बाकीचे सगळे तुटून पडले.

"शिवला! शिवला!" लोक ओरडले. दुधराम पुन्हा रडला, मोकळा होऊन. मी अन् बुढी एकमेकीले धरून रडलो, अन् कशासाठी ते आमालेच माहीत.

आता सहा महिने झाले. बाबाचं एक कार्ड आलं, कोणाकडून तरी हिंदीत लिहवून घेतलेलं, आमोई आपल्या जागी बसली म्हणून. मी चौकात मोकळ्या कपाळानं फिरते. पण रोज सकाळी बुढी आतून कडी लावते, आपल्या अंगठ्यानं मले कुंकू लावते, अन् मी भाकरी करेपर्यंत ते राहू देते. बाहेर निघायच्या आधी ओल्या बोटानं पुसते. तेवढ्या वेळात कोणी दार वाजवलं का माहा जीव उडते.

अन् हावडाकडून येणारी गाडी शिट्टी मारते, तवा वेगळंच भेव वाटते. आधी वाटे, आजबी आला नाही त? आता वाटते, आला त? सारं गाव विचारंल, मंग अस्थी कोणाच्या, पिंड कोणाचा, कावळा कोणाचा. परवा रात्रीच्या भाकरी करता करता मीनं बुढीले हे बोलून दाखवलं.

बुढी चुलीत काडी सरकवत होती. तिनं मान वर केली नाही.

"येऊ त दे त्याले," ती म्हणाली. "मी सांगीन गावाले, कावळा चुकला."